राजपत्रात उशीर होतो कुठे, आणि पैसे जातात कशात?

कोल्हापुरात ‘गॅझेट’, म्हणजे सरकारी राजपत्र, म्हटलं की निम्म्या लोकांना नाव बदलणं आठवतं. लग्नानंतरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर चुकलेली वेलांटी, पासपोर्टला अडलेलं मधलं नाव. माझं काम डीटीपीचं, त्यामुळे दुकानात येणारं गिऱ्हाईक सरळच विचारतं, “गॅझेट करून देतायसा काय?” राजपत्राच्या भाग दोनमध्ये येणाऱ्या त्या दोन-चार ओळी म्हणजे राजपत्राचं सगळ्यात किरकोळ काम. खरं वजनदार काम पुढच्या भागांत असतं, आणि ते सहसा कुणी उघडून बघत नाही.

विधिमंडळात कायदा होतो तो बहुतेकदा सांगाडा असतो. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, फी किती, मुदत किती दिवसांची, अपील कुणाकडे, हे सगळं नंतर नियमांतून येतं. हे नियम सरकारचे विभाग तयार करतात आणि ते राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावरच लागू होतात. महाराष्ट्राच्या कायद्यांखालचे पुष्कळसे नियम ‘भाग चार-ब’ मध्ये येतात, केंद्राच्या कायद्यांखाली राज्याने केलेले ‘भाग चार-अ’ मध्ये. तातडीचं असेल तर असाधारण राजपत्र निघतं. म्हणजे नियम ठरण्याचा दिवस आणि प्रसिद्ध होण्याचा दिवस यांच्यात जितकं अंतर, तितके दिवस तो नियम फक्त फायलीत असतो.

प्रसिद्धीवर एवढा जोर का, याचं उत्तर जयपूर संस्थानातल्या एका प्रकरणात आहे. ११ डिसेंबर १९२३ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा मंजूर केला. महाराज अल्पवयीन होते, कारभार मंडळाकडे होता. ठराव झाला आणि फायलीत गेला. गॅझेट नाही, दवंडी नाही, चावडीवर कागद नाही. १९३८ मध्ये त्यात एक कलम घुसवलं की हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून अमलात आहे. पुढे हरला नावाच्या माणसाला याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की लोकांना कळेल अशा रीतीने जो जाहीरच केला नाही तो कायदा लागू होऊ शकत नाही. नाव हरला, पण खटला जिंकला.

जयपूरला जे सुचलं नाही ते कोल्हापूर संस्थानात त्याआधीच चालू होतं. करवीर सरकारचं स्वतःचं गॅझेट निघत असे. मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा शाहू महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ रोजी त्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. महाराज स्वतः त्या वेळी विलायतेत होते. हुकमाची तारीख आज शाळकरी पोरगंही सांगतं, कारण तो छापील स्वरूपात मागे राहिला.

आता एक गोंधळ आधीच मिटवून टाकू, कारण ऊसपट्ट्यात तो फार आहे. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, आणि राजपत्रातला नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीआर हा सरकारचा प्रशासकीय आदेश. तो संकेतस्थळावर चढतो, त्याला लांबलचक संकेतांक असतो आणि तळाला ‘डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित’ ही ओळ असते. तो झटपट निघतो हे खरं. पण कायद्याने किंवा कायद्याखालच्या आदेशाने जे ठरवलंय ते जीआर काढून बदलता येत नाही. उसाच्या एफआरपीचं, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराचंच घ्या. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी जीआर काढून ते दोन टप्प्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जीआर रद्द केला. मधल्या तीन वर्षांत शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याला जो हिशोब मिळाला तो त्या जीआरच्या आधाराने. जीआरची चटक सरकारला का लागते, तर राजपत्राची वाट लांब आणि खर्चिक आहे. ती वाट आखूड केली तर असल्या आडवाटाही कमी होतील, असं मला वाटतं.

मग ती लांब का आहे? लोक समजतात छापखाना संथ आहे म्हणून. छपाईचा यात वाटा आहे, पण सगळ्यात मोठा नाही.

विभाग मसुदा तयार करतो. विधी व न्याय विभाग तो तपासतो. पुष्कळ कायद्यांत ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असते, म्हणजे आधी मसुदा राजपत्रात छापायचा, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग अंतिम नियम पुन्हा छापायचा. झाल्या दोन छपाया. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे राज्याने मराठीत नियम केला तरी त्याचं इंग्रजी भाषांतर राजपत्रात द्यावं लागतं, आणि कायद्याच्या दृष्टीने अधिकृत पाठ म्हणून तेच इंग्रजी धरलं जातं. म्हणजे एका नियमाचे चार मजकूर: मसुदा मराठी, मसुदा इंग्रजी, अंतिम मराठी, अंतिम इंग्रजी. चारही ठिकाणी ‘तीस’चे ‘तेरा’ झाले नाहीत ना, हे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघायचं. एवढं करूनही चूक राहिलीच तर शुद्धिपत्रक, आणि तेही राजपत्रातच छापायचं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. राजपत्राची एखादी जुनी पीडीएफ उघडा, त्यातली मराठी ओळ कॉपी करा आणि वर्डमध्ये पेस्ट करा. ‘नियम’ या तीन अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि स्वल्पविराम यांची भेळ मिळते. कारण सोपं आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा नंबर देणारी पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असायचं, आत मात्र इंग्रजी अक्षराचाच नंबर साठवलेला असायचा. फाँट काढला की सोंग उतरलं. काही पीडीएफ तर नुसत्या स्कॅन असतात, म्हणजे पानाचे फोटो, त्यातला एक शब्दही शोधता येत नाही. मग वकील ती पीडीएफ आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही ती पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करतो. कन्व्हर्टर आहेत, पण ते जोडाक्षरं मोडतात. रफार भलत्याच अक्षरावर चढतो आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. शेवटी शब्दन् शब्द ताडून बघावा लागतोच.

सरकारी पैशाने एकदा टाइप झालेला मजकूर लोकांच्या पैशाने पुन्हा पुन्हा टाइप होतो. आमच्या गल्ल्यात त्यामुळे चार पैसे पडतात, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. विभागातही हेच व्हायची सोय आहे. फाइलवरचा मसुदा एका सॉफ्टवेअरमध्ये, छपाईची मांडणी दुसऱ्यात, संकेतस्थळावरचा मजकूर तिसऱ्यात. प्रत्येक उडीला टायपिंग किंवा कन्व्हर्टर, आणि प्रत्येक उडीनंतर पुन्हा प्रूफ. कागद आणि शाईपेक्षा या उड्यांतच जास्त वेळ आणि मजुरी जाते, असं हे काम रोज करणारा कुणीही सांगेल.

कायद्याने हे थांबवण्याची सोय केव्हाच करून ठेवली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ८ म्हणतं की एखादी गोष्ट राजपत्रात प्रसिद्ध करायची अट असेल तर ती इलेक्ट्रॉनिक राजपत्रात प्रसिद्ध केली तरी अट पुरी झाली. आणि दोन्ही रूपांत आलीच, तर ज्या रूपात ती आधी आली तीच प्रसिद्धीची तारीख. म्हणजे संकेतस्थळावर १४ तारखेला चढली आणि छापील प्रत २० तारखेला हातात पडली, तर कायद्याला १४ तारीख माहीत. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताच्या राजपत्राची कागदावरची छपाई बंदच केली, आता ते फक्त ई-गॅझेट म्हणून निघतं. महाराष्ट्राची राजपत्रंही शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. कोल्हापुरातही शासनाचं मुद्रणालय आहे. तिथल्या यंत्रांना मतपत्रिकांपासून सरकारी नमुन्यांपर्यंत दुसरी कामं असतातच.

पण कागद बंद केला की काम संपलं असं मानण्यात एक गफलत आहे. तारखेचा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट बारीक होतो.

१९६२ मध्ये रिझर्व्ह बँकेने विमानातून देशावरून पुढे जाणाऱ्या सोन्याबद्दल अधिसूचना काढली. अधिसूचनेवरची तारीख ८ नोव्हेंबर, राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला. २७ नोव्हेंबरला मायर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन माणूस अंगावरच्या कपड्यांत ३४ किलो सोनं लपवून झुरिकहून मनिलाला निघाला. २८ तारखेला त्याचं विमान मुंबईत उतरलं आणि तो सापडला. त्याचा बचाव होता की तीन-चार दिवसांपूर्वी इथं काय छापलं ते मला झुरिकमध्ये कसं कळणार? सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये तो मानला नाही. भारताच्या राजपत्रात आलं, तेवढं पुरेसं. आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट याच्या आधीची आहे. ८ ते २४ नोव्हेंबर या काळात ठरलेला नियम नुसता पडून होता. तो मनुष्य एवढंच सोनं घेऊन २० तारखेला आला असता तर ही अधिसूचना त्याला लागलीच नसती.

आता २०१९ मध्ये या. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारीला केंद्राने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क बसवलं. अधिसूचना ई-गॅझेटवर चढली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, पण त्याआधी, अटारीच्या नाक्यावर व्यापाऱ्यांनी कागदपत्रं दाखल केली होती. कस्टम्सचं म्हणणं की तारीख १६ आहे, म्हणजे अख्खा दिवस नवा दर. सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने चठ्ठा राइस मिल्सच्या प्रकरणात सांगितलं की इलेक्ट्रॉनिक राजपत्रात वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, तर नियमही त्याच क्षणापासून लागू. आधी दाखल झालेल्या मालाला जुना दर.

यातून कामाची गोष्ट एवढी, की नुसती पीडीएफ टाकून भागत नाही. ती कधी चढली याची न पुसता येणारी नोंद हवी. जुनी पीडीएफ काढून दुरुस्त केलेली त्याच नावाने चढवली, असं करायची सोयच नको. छापील अंकात निदान एवढं होतं, की एकदा पोस्टात पडलेला अंक परत बोलावता येत नव्हता.

आणि आता तो भाग, जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नियम एकदा छापून थांबत नाहीत, त्यांत सुधारणा येत राहतात. सुधारणेची अधिसूचना साधारण अशी असते: ‘मुख्य नियमांच्या नियम ७ च्या उपनियम (२) मधील, “तीस दिवसांच्या आत” या मजकुराऐवजी, “पंधरा दिवसांच्या आत” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ बस्स. पूर्ण नियम ७ आज कसा वाचायचा, ते त्यात नसतं. सदरा एका कपाटात आणि त्याची ठिगळं दुसऱ्या डब्यात. जोडून घालायची जबाबदारी ज्याची त्याची. बांधकामाची एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि तेव्हापासून तिच्यात बदल होतच आहेत. कुठल्याही आर्किटेक्टच्या टेबलावर बघा, बदल घालून अद्ययावत केलेली प्रत पडलेली असते, पानापानांतून चिकटवलेल्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत असतात. कायद्यांच्या बाबतीत इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर सुधारलेले पाठ बऱ्यापैकी मिळतात. नियमांच्या बाबतीत विसंबून राहावं असं काम अजून झालेलं नाही.

अमेरिकेत हे जोडकाम सरकारच करतं. त्यांचं राजपत्र, फेडरल रजिस्टर, १९३६ पासून निघतं, सुट्टीचे दिवस सोडून रोज. त्यातला मजकूर पानाचा फोटो म्हणून नव्हे, तर कलम, उपकलम, तारीख, विभाग अशी प्रत्येक तुकड्याला खूण लावून साठवलेला असतो. आमच्या भाषेत एक्सएमएल. त्यातून छापील पान निघतं, त्यातूनच संकेतस्थळाचं पान निघतं, आणि सुधारणा मूळ नियमांत बसवून अद्ययावत संहिता लोकांना बघायला ठेवतात. कागद वाचवण्याचा मात्र त्यांचाही प्रवास गमतीचा आहे. मागितल्याशिवाय खासदारांना फेडरल रजिस्टरच्या छापील प्रती वाटू नयेत, असं एक साधं विधेयक होतं. जानेवारी २०१८ मध्ये तिथलं सरकार पैशाच्या मंजुरीअभावी तीन दिवस ठप्प झालं, तेव्हा ते सुरू करणारी तरतूद घाईत याच विधेयकावर चढवून मंजूर केली. राजपत्राचा कागद वाचवता वाचवता अख्खं सरकार चालू झालं.

आपल्याकडे यातलं काय करता येईल? माझ्या मते सुरुवात अगदी खालून व्हावी. विभागाने मसुदा युनिकोडमध्ये, ठरलेल्या साच्यात टाइप करावा: नियमाला नियमाची खूण, उपनियमाला उपनियमाची, तारखेला तारखेची. तीच फाइल विधी विभागात, तीच भाषांतराला, तीच प्रसिद्धीला. मराठी आणि इंग्रजी पाठ कलमवार शेजारी शेजारी ठेवले की आकडे जुळतात का ते यंत्रच तपासून देईल. भाषांतराचा पहिला खर्डाही यंत्र करेल, त्यावर जाणकाराची नजर मात्र हवीच. आणि सुधारणा निघाली की त्याच दिवशी पूर्ण सुधारलेला नियमही निघावा. यात कुठलंही अवजड यंत्र घ्यायचं नाही. सवय बदलायची आहे, आणि सरकारी कचेरीत तेच सगळ्यात महाग पडतं हेही मला माहीत आहे.

आता घाई कुठे करू नये ते बघू. हरकतींची मुदत ही काही वाया जाणारा वेळ नव्हे. नगररचना कायद्याखाली शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की तीस दिवसांत हरकत घ्यायची असते. आधी हे साठ दिवस होते. आपल्या प्लॉटवरून रस्ता गेलाय हे कळायला, नकाशा मिळवायला आणि वकील गाठायला तीस दिवसही पुरत नाहीत. तिथे आणखी वेग नको. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेचंही तसंच. बारीक टायपात अर्धं पान भरून छापायला पैसे जातात आणि भिंगाशिवाय कुणाला वाचता येत नाही. ती सूचना चार ठळक ओळींची करावी, पूर्ण मजकूर कुठे बघायचा ते सांगावं, आणि एक प्रत तहसील कचेरीत व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. सूचनाच बंद करून ‘संकेतस्थळावर टाकलंय’ म्हणणं बरोबर नाही. गगनबावड्यात पावसाळ्यात रेंजच नसते, तिथे ई-गॅझेट कोण रोज उघडतंय?

केंद्राच्या अधिसूचनांना आणखी एक अडचण आहे, त्या हिंदी आणि इंग्रजीत येतात. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आपल्या जिल्ह्यातल्या शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडसारख्या तालुक्यांना लागू होणार आहे. पहिला मसुदा १० मार्च २०१४ चा. तो मुदतीत अंतिम झाला नाही म्हणून २०१५ मध्ये पुन्हा, मग २०१७, २०१८, जुलै २०२२, आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. दर वेळी हरकतींना साठ दिवस, दर वेळी तीच गावांची यादी धुंडाळणं. प्रसिद्धी कितीही झटपट केली तरी हे घोडं पुढे सरकणार नाही, कारण ते अडलंय निर्णयावर. भाषेचं मात्र करता येण्यासारखं आहे. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मराठीसह सगळ्या भाषांत दहा दिवसांत उपलब्ध करायला सांगितलं होतं, ही मागणी त्यामुळे अवास्तव म्हणता येणार नाही.

प्रसिद्धी आणि अंमल यांच्यातही थोडी उसंत बरी असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचची अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ची, आणि बेंच सुरू झालं १८ ऑगस्टला. त्या सतरा दिवसांत सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना आपापल्या फायली आणि तारखा लावून घ्यायला सवड मिळाली. पुलवामासारखी वेळ असेल तर गोष्ट वेगळी, पण फीचा किंवा अर्जाच्या नमुन्याचा बदल रात्री चढवून सकाळपासून लागू करायचं काही कारण नसतं. सकाळी सेतू केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात जुनाच फॉर्म असतो.

तोवर तुमच्या ग्रुपवर ‘आजपासून नवा नियम’ म्हणून पीडीएफ आलीच, तर आधी वरचा कोपरा बघा. ‘शासन निर्णय’ लिहिलंय की ‘महाराष्ट्र शासन राजपत्र’? राजपत्र असेल तर भाग कोणता आणि तारीख कोणती? मग मजकुरात ‘मसुदा’ आणि ‘हरकती व सूचना’ हे शब्द शोधा. सापडले तर तो नियम अजून झालेलाच नाही, आणि हरकत घ्यायची मुदत बहुधा तुमच्या हातात आहे. नाही सापडले तर पहिल्या दोन-तीन नियमांत ‘अमलात येतील’ हे शब्द असलेली ओळ बघा, कधीपासून ते तिथे मिळेल. जीआर असेल तर तळाचा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाका. तिथे तो सापडला नाही, तर आधी ज्याने पाठवला त्यालाच फोन लावा.